‘हार्डवेअरची मर्यादा’ लिहिण्याआधी: जुन्या स्मार्टफोनच्या ब्लूटूथची एक उलटतपासणी

एम.एस्सी.च्या प्रबंधात शेवटी ‘मर्यादा’ नावाचं दीड पान असतं. तुमच्यापैकी काहींनी ते लिहिलं असेल, काही जण लवकरच लिहाल. बहुतेक वेळा ते बाइंडिंगला टाकायच्या आदल्या रात्री लिहिलं जातं. माझंही तसंच झालं होतं. त्यातलं एक वाक्य होतं: ‘हार्डवेअरच्या मर्यादेमुळे हे उपकरण आयफोनशी जोडता येत नाही.’

उपकरण साधंच होतं. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, अर्डुइनो आणि एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल. इंदापूर तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या बागेत मी ते लावलं, बांधावर उभं राहून अँड्रॉइड फोनवर रीडिंग घेतली, आलेख काढले. बारामतीला व्हायव्हा होती. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी खिशातून स्वतःचा आयफोन काढला आणि म्हणाले, “यावर दाखवा.” मी प्रबंधातलं ते वाक्य दाखवलं. सर म्हणाले, “कुठल्या हार्डवेअरची मर्यादा? तुमच्या का माझ्या?”

मला उत्तर आलं नाही. पास झाले, पेढे वाटले, विषय संपला. दोन वर्षांनी एका ज्युनिअरचा प्रबंध चाळत होते, तर तेच वाक्य तिथे जसंच्या तसं. माझंच. आता ते दोन ग्रंथालयीन प्रतींत छापलेलं होतं आणि दोन्हीकडे चूक होतं. त्यानंतर मी जुन्या फोनच्या ब्लूटूथबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले. हा लेख त्यातूनच आलाय.

मुळात हे वाक्य माझ्या डोक्यात आलं कुठून? मला वाटतं, शाळेत असताना. ‘नटरंग’ची गाणी तेव्हा नुकतीच आली होती, म्हणजे २०१०. बारामती-इंदापूर एसटीत मागच्या सीटवर पोरांचा एकच उद्योग चालायचा: “ए, ते ब्लूटूथ कर की.” माझ्या चुलत दादाकडे नोकिया होता. भवानीनगरला सुरू केलेली पाच-सहा गाणी लासुर्णे गेलं तरी येतच असायची. (हो, ती पायरसीच होती. पण महिन्याचं नेट परवडणं ही तेव्हा आमच्याकडे चैन होती.) त्याच वर्षी घरच्या लग्नात पुण्याहून एक पाहुणे आयफोन थ्रीजी घेऊन आले. ऑगस्ट २००८ मध्ये तो भारतात आला तेव्हा ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. दादाने त्यांच्याकडे गाणं मागितलं. ते हसून म्हणाले, “यात नाही होत.” आम्ही पोरांनी निष्कर्ष काढला की महाग फोन आहे पण त्यात ब्लूटूथ हलकं बसवलंय. पुढे मी सर्किट शिकले, प्रोटोकॉल शिकले, तरी हा निष्कर्ष कधी तपासला नाही. प्रबंधात तोच उतरला.

आता तपासू.

ब्लूटूथचं काम एरिक्सनमध्ये १९९४ साली सुरू झालं. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी मिळून त्याचा गट स्थापन केला. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. हे सगळं प्रत्येक ब्लूटूथ फोनमध्ये सारखं होतं. वेगळं होतं ते ‘प्रोफाइल’. प्रोफाइल म्हणजे या रेडिओवरून नेमकं कोणतं काम कसं करायचं याचा ठरलेला नियम. हेडसेटवर बोलायला एचएसपी आणि एचएफपी, स्टिरिओ गाणी ऐकायला ए२डीपी, फाइल ढकलायला ओपीपी, वायरच्या सिरीयल पोर्टसारखा डेटा पाठवायला एसपीपी. रेडिओ म्हणजे रस्ता धरा, आणि प्रोफाइल म्हणजे त्या रस्त्यावर एसटीने लावलेली फेरी. तुमच्या गावाला गाडी येत नाही एवढ्यावरून तुमच्या गावाला रस्ता नाही असं सिद्ध होत नाही. मी प्रबंधात नेमकं तेच सिद्ध झाल्यासारखं लिहिलं होतं.

वेगाचंही असंच. ब्लूटूथ १.२ वर डेटाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ७२३ किलोबिट. पाच एमबीचं गाणं म्हणजे ४० मेगाबिट, कागदावर ५५ सेकंद. प्रत्यक्षात एसटीच्या गर्दीत त्याहून जास्त लागायचे. ही मात्र खरी मर्यादा. कुणी कितीही डोकं लावलं तरी त्या रेडिओतून ते गाणं पाच सेकंदांत जात नव्हतं. अशी मर्यादा मोजता येते, आणि तिला सूत्र असतं.

आता तीन प्रकारचे फोन शेजारी ठेवून बघा. तिन्हींची ‘मर्यादा’ वापरणाऱ्याला सारखीच दिसते, पण कारणं वेगळी आहेत.

पहिल्या अँड्रॉइडपासून सुरू करते, कारण त्याची गोष्ट सगळ्यात सरळ आहे. २००८ मध्ये अँड्रॉइड १.० आलं तेव्हा हेडसेट चालायचा, पण ॲप लिहिणाऱ्यांसाठी ब्लूटूथचा दरवाजा बंद होता. आधीच्या चाचणी आवृत्तीत तो होता, शेवटच्या टप्प्यात काढला. अँड्रॉइडच्या लोकांनी त्याचं कारणही उघडपणे सांगितलं: नीट करायला वेळ पुरला नाही, आणि अर्धवट एपीआय एकदा दिली की कायम सांभाळावी लागते. मग एप्रिल २००९ मध्ये १.५ मध्ये ए२डीपी आलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये २.० मध्ये फाइल पाठवणं आणि ॲपसाठीची एपीआय. मधल्या काळात लोकांनी काय केलं? आतमध्ये लिनक्सचं ब्लूझ हे ब्लूटूथचं सॉफ्टवेअर बसलेलंच होतं. कुणी फोन रूट करून थेट त्याच्याशी बोललं, कुणी कागदपत्रांत न दाखवलेले क्लास आडमार्गाने वापरले. ‘काम झालं नव्हतं’ अशी ही मर्यादा. मला ती माफ करावीशी वाटते. तुमच्या प्रबंधातही अशी असेल तर बिनधास्त तसंच लिहा. वेळ पुरला नाही असं लिहायला आपण उगाच लाजतो आणि मग वजनदार शब्द शोधतो.

नोकियाची गोष्ट मजेशीर आहे. दादाच्या फोनवरून गाणी, फोटो, व्हिडिओ सगळं जायचं, आणि आलेली फाइल एसएमएससारखी इनबॉक्समध्ये पडायची. पण गेम पाठवायला गेलं की फोन अडायचा, फाइल संरक्षित आहे म्हणायचा. नोकियाच्या एस ६० फोनमध्ये बंद मजकुराची एक यादी होती. .सिस आणि .जार असल्या फाइली त्या यादीत. विकत घ्यायचं सॉफ्टवेअर फुकट पसरू नये हा हेतू. यावरचा उपाय बारामतीच्या मोबाइल दुकानातल्या कुठल्याही पोराला माहीत होता. एक्स-प्लोअर किंवा एफएक्सप्लोअरर टाकायचं, फाइलचं शेपूट बदलायचं, पाठवायची, पलीकडच्याने शेपूट परत लावायचं. म्हणजे फोन फाइलच्या आत न बघता फक्त नाव वाचत होता!

इथे कुणी म्हणेल की सुरक्षेसाठी हे गरजेचं होतं. मुद्दा फालतू नाही. जून २००४ मध्ये कॅबीर हा मोबाइलवरचा पहिला वर्म सापडला, तो एस ६० फोनवर ब्लूटूथनेच पसरायचा, आणि स्वतःला .सिस फाइल म्हणूनच पाठवायचा. पण नीट बघा. कुलूप होतं ते माणूस वापरतो त्या मेनूवर. कॅबीर मेनू उघडायला जात नव्हता, तो आपल्या कोडमधून थेट फाइल ढकलायचा. माणसाला जे करता येत नव्हतं ते वर्मला येत होतं. सुरक्षेचं कारण देणाऱ्याला म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायचा: हा उपाय नेमका कुणाला अडवतो?

आणि आयफोन. माझी खरी तक्रार याच्याबद्दल आहे. २००७ चा पहिला आयफोन ब्लूटूथवर हेडसेट आणि कारकिट यापलीकडे जवळजवळ काही करत नव्हता. स्टिरिओ गाणी जून २००९ च्या ३.० आवृत्तीत आली, तीही पहिल्या आयफोनला मिळाली नाहीत. फाइल पाठवणारं ओपीपी तर कधीच आलं नाही. २०१३ मध्ये एअरड्रॉप आलं, पण ते ॲपलपुरतं. कौतुकाने लिहिणारे याला ‘साधेपणा’ म्हणतात. मला ते पटत नाही. साधेपणा म्हणजे वापरणाऱ्याला न लागणारी गोष्ट काढणं. एसटीतल्या पोरांना फाइल पाठवणं लागत होतं. इथे नेटला पर्याय म्हणून ब्लूटूथ वापरात होतं, आणि जिथे नेट स्वस्त आहे तिथे बसून ठरवलेला साधेपणा आमच्याकडे नुसती अडचण होता.

पण ही माझी चीड झाली. पुरावा काय? तो या उपायांमध्येच आहे. २००९ मध्ये जेलब्रेक केलेल्या आयफोनसाठी आयब्लूटूथ नावाचं ॲप आलं, आणि त्याच फोनवरून, एकही सुटा भाग न बदलता, नोकियाला फाइल जायला लागली. त्याच वर्षी ॲपलने स्वतः ३.० आवृत्तीत दोन आयफोनना ब्लूटूथवरून गेम खेळू दिला. रस्ता होता, त्यावरून त्यांची स्वतःची गाडी धावत होती. ‘होऊ दिलं नाही’ हेच या मर्यादेचं खरं नाव.

अशा निर्णयामागे पैसा असतो का? कधीकधी कोर्टापर्यंत जाण्याइतका. अमेरिकेत व्हेरायझनने २००४ मध्ये मोटोरोला व्ही७१० हा फोन विकला तेव्हा त्यातलं ब्लूटूथवरून फाइल पाठवणं बंद केलेलं होतं. फोटो बाहेर काढायचा तर कंपनीच्या सशुल्क सेवेतून पाठवा. ग्राहकांनी २००५ मध्ये सामूहिक दावा लावला आणि पुढे तडजोड झाली.

मात्र या पुराव्यात एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडले होते. प्रत्येक उपाय पुरावा नसतो. ए२डीपी नव्हतं तेव्हा लोक आयफोनच्या ३० पिनांच्या सॉकेटला किंवा हेडफोनच्या भोकाला छोटा ट्रान्समीटर लावून ब्लूटूथ हेडफोनवर गाणी ऐकायचे. गाणं ऐकू आलं, पण त्यातून आयफोनच्या रेडिओबद्दल काहीच कळत नाही, कारण काम दुसऱ्याच रेडिओने केलं. भाग तोच ठेवून फक्त सॉफ्टवेअर बदललं आणि अडलेलं काम झालं, तरच ‘हार्डवेअरची मर्यादा’ हा दावा पडतो. बाहेरचं डबडं जोडून झालं, तर दावा उभा आहे तिथेच उभा. तुम्ही सेन्सर, स्पेक्ट्रोमीटर, काहीही वापरत असाल, पर्यायी मार्गाने काम झालं की आधी बघा तो यातला कोणता मार्ग आहे.

आता परीक्षक सरांच्या प्रश्नाकडे येते. एचसी-०५ मधली चिप सीएसआर कंपनीची, ब्लूकोअर-४ कुटुंबातली, ब्लूटूथ २.० + ईडीआर. २००७ चा पहिला आयफोन उघडून बघितला गेला तेव्हा त्यातली ब्लूटूथ चिप कोणती निघाली? सीएसआर. ब्लूकोअर-४ कुटुंबातलीच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठले. काही शे रुपयांचं माझं मॉड्यूल आणि तो फोन एकाच घराण्यातले, आणि मी लिहून मोकळी झाले होते की हार्डवेअर जुळत नाही.

सरांच्या हातातला फोन अर्थात बराच नवा होता. तरी गाडं अडलं त्याच जागी. एचसी-०५ एसपीपीवर बोलतं. आयफोनवर क्लासिक ब्लूटूथने असा डेटा घ्यायचा तर उपकरण ॲपलच्या परवाना योजनेत असावं लागतं आणि त्यात ओळख पटवणारी त्यांची चिप लागते. ३.० आवृत्तीपासूनची ही अट आहे. अँड्रॉइडवर अशी अट नाही, म्हणून डाळिंबाच्या बांधावर सगळं सुरळीत चाललं.

वाटही आहे, आणि जेलब्रेक न करता. ऑक्टोबर २०११ चा आयफोन ४एस ब्लूटूथ ४.० घेऊन आला आणि त्यातल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथला ही परवान्याची अट नाही. एचसी-०५ काढून एचएम-१० लावा. दोन गोष्टी आधीच सांगते, माझा त्यात एक अख्खा रविवार गेला. आयफोनच्या सेटिंगमधल्या यादीत हे मॉड्यूल शोधू नका. ब्लूटूथ लो एनर्जी स्कॅन करणाऱ्या ॲपमधूनच ते जोडायचं. आणि एका पॅकेटमध्ये साधारण २० बाइट मावतात, त्यामुळे रीडिंगची ओळ आटोपशीर ठेवा, नाहीतर ती तुकड्यांत येते आणि तुम्ही सेन्सरला दोष देत बसता.

पण एक लक्षात घ्या, एचएम-१० लावणं हाही मघाचा दुसरा प्रकार झाला, मी रेडिओच बदलला. त्यामुळे ‘एचएम-१० वर चाललं’ एवढ्यावरून माझं जुनं वाक्य खोटं ठरत नाही. ते खोटं ठरतं परवान्याच्या अटीमुळे, कारण परवाना असलेली उपकरणं क्लासिक ब्लूटूथवरून आयफोनला डेटा देतातच.

दुरुस्त वाक्य आता असं आहे: ‘हे उपकरण एसपीपी वापरते. आयफोनवर एसपीपीसाठी उत्पादकाचा परवाना आवश्यक असल्याने प्रस्तुत उपकरण आयफोनशी जोडलेले नाही. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचे मॉड्यूल वापरल्यास ही अडचण राहणार नाही.’ आधीच्यापेक्षा लांब आहे, बाइंडिंगवाला हसला नाही. ज्युनिअरला मी ते पाठवलं. तिचं उत्तर आलं: “ताई, माझ्या प्रबंधावरून पुढच्या बॅचच्या एकाने घेतलंय, त्यालाही पाठवते.”