रायफलीची जाहिरात आणि स्मरणरंजनाचा हक्क

आमच्या महाविद्यालयासमोर नव्याने निघालेल्या एका कॅफेच्या भिंतीवर पत्र्याची एक पाटी आहे. मुद्दाम गंज चढवलेली, कडा झिजवलेली. तिच्यावर भरधाव घोड्यावरचा एक स्वार, हातात रायफल, आणि 'विंचेस्टर' अशी ठसठशीत अक्षरे. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "मॅडम, हा माणूस एवढ्या घाईनं कुठं निघालाय?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या जाहिराती मिळतील तेथून पाहत गेले, आणि त्या जमवणाऱ्यांचे म्हणणेही वाचत गेले. हे टिपण त्यातून झाले आहे.

अमेरिकेतील शस्त्रसंग्राहक केवळ बंदुका जमवत नाहीत, बंदुकांचा कागदही जमवतात. कॅलेंडरे, दुकानात टांगायची चित्रे, कारतुसांचे नमुने मांडलेल्या फळ्या, जुन्या मासिकांतून कापलेली पाने. मूळ प्रतींना लिलावात मोठी किंमत येते, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी नकला छापल्या जातात. आमच्या कॅफेतली पाटी अशीच नक्कल. या जाहिरातींतली चित्रे सामान्य नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. फिलिप गुडविन, एन. सी. वायेथ यांच्यासारख्या नामांकित चित्रकारांनी ती काढली. गुडविनच्या चित्रात पहाटेचे जंगल असते आणि पायवाटेच्या वळणावर अचानक अस्वल समोर येते. शिकारी अजून नेम धरतो आहे. पुढे काय झाले ते चित्रकार सांगत नाही. डोळा खिळतो. माझाही खिळला.

संग्राहकांचा सूर मात्र चित्रकलेपुरता राहत नाही. तो काळ साधा होता, माणसाच्या शब्दाला किंमत होती, बंदूक घेताना कोणी कागद मागत नव्हते, पोरे परसात नेमबाजी शिकत होती, असे ते पुन्हा पुन्हा म्हणतात. हे स्मरणरंजन आपल्या ओळखीचे आहे. मराठीत गावाविषयी असेच लिहिले गेले: ओढा, पार, जत्रा, सुगी. दलित साहित्याने त्या लेखनाला पहिला प्रश्न विचारला तो असा, की या चित्रात महारवाडा कोठे आहे? तोच प्रश्न मी रायफलीच्या चित्राला विचारीत आहे.

विंचेस्टरचे सर्वांत गाजलेले घोषवाक्य म्हणजे 'पश्चिम जिंकणारी बंदूक'. ते तिच्या १८७३ च्या रायफलीला चिकटले. पण हे वाक्य १८७३ चे नव्हे. ते विसाव्या शतकात जाहिरातीत आले. सीमाप्रदेश आता उरला नाही असे अमेरिकेच्या जनगणनेने १८९० मध्येच नोंदवले होते. म्हणजे युद्ध संपल्यानंतर विजयाची पाटी लिहिली गेली, आणि तीही माल खपवण्यासाठी. वाक्याची रचना पाहा. पश्चिम जिंकली, कोणाकडून, ते नाही. कर्ता बंदूक आहे, कर्म भूमी आहे, आणि त्या भूमीवर राहणारा माणूस वाक्यातच नाही.

इतिहास तर याहून अडचणीचा आहे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या काठी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या सातव्या घोडदळाच्या तुकडीचा संपूर्ण पाडाव केला. सैनिकांकडे एकेक गोळी भरून झाडायच्या स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. लागोपाठ गोळ्या सुटणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या त्या मूळ रहिवाशांपैकी अनेकांच्या हातात. १९८० च्या दशकात त्या रणभूमीचे उत्खनन झाले तेव्हा कारतुसांच्या टोप्यांनी हे सिद्ध केले. त्या दिवशी विंचेस्टरने पश्चिम जिंकली खरी, पण जाहिरातीतल्या स्वारासाठी नव्हे! आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे त्याच सातव्या घोडदळाने लाकोटांना वेढून त्यांच्या बंदुका काढून घ्यायला सुरुवात केली; त्या झडतीत गोळी सुटली आणि मग तोफांनी बायकामुलांसकट माणसे मारली. ज्यांची शस्त्रे काढून घेतली त्यांच्याच भूमीचे चित्र पुढे शस्त्राच्या विक्रीसाठी वापरले गेले.

या छंदाचाही एक इतिहास आहे. १८७५ च्या किंमतपत्रकात विंचेस्टरने निवडक नळीच्या खास रायफली 'हजारात एक' या नावाने शंभर डॉलरना विकायला काढल्या. त्या दीडशेही भरल्या नाहीत. १९५० मध्ये 'विंचेस्टर ७३' हा चित्रपट आला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीसाठी चित्रपट कंपनीने उरलेल्या 'हजारात एक' रायफलींचा शोध जाहीर केला. लोकांनी माळे धुंडाळले आणि जुन्या विंचेस्टर जमवण्याला जोर आला. संग्राहकाला जी आठवण आपल्या आजोबांची वाटते, तिच्यात चित्रपटाच्या जाहिरातखात्याचाही वाटा आहे.

१८७३ या सालाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. त्या वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातील कोलफॅक्स गावात न्यायालयाची इमारत राखणाऱ्या, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. कित्येकांना शरण आल्यावर मारले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात न्यायालयाने सांगितले, की शस्त्र बाळगण्याचा घटनेतला हक्क केवळ केंद्रसरकारला बांधतो, खाजगी जमावाने तो हिरावला तर केंद्राच्या कायद्यात इलाज नाही. मारेकरी सुटले. त्याच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. पुण्याहून जोतीरावांना जी अमेरिका दिसत होती ती खोटी नव्हती, पण कोलफॅक्सची अमेरिकाही तेव्हाच घडत होती. संग्राहकाच्या १८७३ मध्ये मात्र या दोन्ही अमेरिका नाहीत, तेथे केवळ पितळेची आणि पोलादाची एक सुबक वस्तू आहे.

आता 'कोणी कागद मागत नव्हते' या वाक्याकडे येऊ. आयव्हर जॉन्सन कंपनीची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली एक जाहिरात संग्राहकांच्या फार आवडीची. झोपायच्या कपड्यांतली एक चिमुरडी अंथरुणात बसली आहे, जवळ बाहुली आहे आणि हातात रिव्हॉल्व्हर. खाली लिहिले आहे: बाबा म्हणतात, याने आपल्याला काही होणार नाही. घोड्यावर हातोडीने ठोकले तरी गोळी सुटत नाही, अशी कंपनीची प्रौढी होती. आजचा वाचक दचकतो, संग्राहक कौतुकाने हसतो. मला त्या चित्रात भीतीपेक्षा विश्वास दिसला. कंपनीचा, मासिकाचा, समाजाचा त्या 'बाबा'वर केवढा विश्वास! त्याच कंपनीच्या रिव्हॉल्व्हरने १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ले मारले गेले होते आणि १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तरी चित्रातल्या बाबाच्या पतीला धक्का लागला नाही.

ही पत सगळ्यांना नव्हती. १८६५ मध्ये मिसिसिपीने कायदा करून मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. कागद मागितला जात होता, तो कोणाकडे मागायचा एवढे ठरलेले होते. १८९२ मध्ये मेम्फिसला आपले तीन मित्र जमावाने मारल्यावर आयडा बी. वेल्स यांनी लिहिले, की काळ्या माणसाच्या प्रत्येक घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी, कारण कायदा जे संरक्षण देत नाही ते तिच्याकडून घ्यावे लागेल. विंचेस्टरविषयी एवढ्या गंभीर कारणाने लिहिलेले दुसरे वाक्य मला आढळले नाही. मी पाहिलेल्या जाहिरातींत मात्र एकाही काळ्या घरात ती रायफल टांगलेली नाही.

कधीकधी जाहिरात स्वतःच खरे बोलून जाते. जनरल थॉम्पसन यांची सबमशीनगन पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी योजलेली होती, पण युद्धच संपले. मग १९२० च्या दशकात कंपनीने गिऱ्हाईक शोधले. जाहिरातीत एक काउबॉय घराच्या ओसरीवरून चालून येणाऱ्या घोडेस्वार दरोडेखोरांवर मशीनगन चालवतो आहे. मोठ्या मालमत्ता, रँच आणि प्लँटेशन यांच्या रक्षणाचे हे आदर्श हत्यार, असे तिथे छापले आहे. प्लँटेशन! अमेरिकेच्या दक्षिणेत या शब्दाला कशाचा वास येतो ते सांगायला नको. १९३६ पासून सिनेटच्या ला फॉलेट समितीने कारखानदारांच्या शस्त्रसाठ्यांची चौकशी केली तेव्हा संपकऱ्यांसाठी राखलेल्या अश्रुधुराबरोबर मशीनगनाही सापडल्या. संग्राहक या जाहिरातीला गमतीची म्हणतात, काउबॉयच्या हातात मशीनगन म्हणून. मला त्यात गमतीचे काही दिसत नाही. मालकाचे भय आणि मालकाचा हक्क एकाच चित्रात आला आहे.

येथे एक घरची गोष्ट सांगते. माझे आजोबा गावच्या मोठ्या वतनदाराच्या शिकारीत डबे बडवत रान उठवायला जात. मजुरी नव्हती, जायचेच होते. डुक्कर कोणत्या अंगाने उठेल हे आजोबांना ठाऊक, पण बंदुकीला त्यांचा हात कधी लागला नाही. वतनदाराच्या वाड्यात मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेला फोटो आहे म्हणतात. रान उठवणारे फोटोत नाहीत. १८७८ च्या शस्त्रकायद्याने देशी माणसाला परवाना लावला आणि गोऱ्याला सूट दिली. ही गोष्ट राष्ट्रीय चळवळीने योग्यच दुःखाची मानली. पण परवाना मिळालेल्या देशी माणसापुढे डबे कोण बडवत होते, हे दुःख त्या यादीत आले नाही.

मग १९६७ चे साल. बंदूक उघडपणे बाळगणे कॅलिफोर्नियात तोवर कायदेशीर होते. ऑकलंडचे ब्लॅक पँथर भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर पहारा ठेवू लागले. त्यांना रोखण्यासाठी मलफर्ड यांचे विधेयक आले. २ मे रोजी तीसेक पँथर, त्यांत स्त्रियाही होत्या, सॅक्रामेंटोच्या विधानभवनात बंदुका घेऊन शिरले. विधेयक मंजूर झाले, गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. म्हणजे ज्या साध्या काळाची हळहळ वाटते तो संपवण्यात काळ्या माणसाने जाहिरातीतले 'तुम्ही' हे संबोधन स्वतःला लावून घेणे हेही एक कारण होते. टपालाने बंदूक घरी येण्याचा काळ संपला तो १९६८ च्या कायद्याने. अध्यक्ष केनेडींच्या खुनातली रायफल ऑस्वल्डने खोट्या नावाने टपालाने मागवली होती. 'अमेरिकन रायफलमन' मासिकाच्या फेब्रुवारी १९६३ च्या अंकात तिची जाहिरात होती, किंमत दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट.

इतके लिहिल्यावर आपल्या भिंतीकडे न पाहणे बरे नव्हे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती नाव ऑकलंडवरून घेऊन. वेताच्या उंच खुर्चीत बसलेला, एका हातात रायफल आणि दुसऱ्या हातात भाला घेतलेला ह्यूई न्यूटन, हे १९६७ चे चित्र आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. वसतिगृहात असताना मीही त्याची झेरॉक्स कपाटाला चिकटवली होती. ते चित्रसुद्धा मुद्दाम मांडून, पोस्टरसाठी काढलेले आहे. मग माझे स्मरणरंजन आणि विंचेस्टरवाल्याचे स्मरणरंजन यांत फरक काय? फरक आहे, असे मी आजही म्हणेन: न्यूटनच्या चित्राने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर कायदा बदलून द्यावे लागले. पण १९६९ पासून त्याच पँथरांनी मुलांना रोज सकाळी मोफत न्याहारी दिली, तिचे चित्र मी कपाटाला का चिकटवले नाही? आपल्याकडे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे दाद मागितली. त्या भरतीबरोबर पगार, पेन्शन आणि पोरांची शाळाही जात होती. आपण मात्र चित्र काढतो ते बंदुकीचे. शाळेचे चित्र काढायला कोणी गुडविन आपल्याला मिळाला नाही, एवढेच याचे कारण आहे असे मला वाटत नाही.

जाहिरात ही काही मेलेली वस्तू नव्हे. बुशमास्टर रायफलीच्या एका जाहिरातीत चित्र फक्त रायफलीचे होते, आणि वाक्य असे की तुमचे पुरुषपणाचे ओळखपत्र पुन्हा मिळाले असे समजा. पुन्हा कागदच! यावेळी तो कंपनी देत होती. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील शाळेत याच बनावटीच्या रायफलीने २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. २००५ च्या कायद्याने शस्त्रकंपन्यांना अशा दाव्यांपासून मोठे संरक्षण दिलेले आहे. तरी नऊ कुटुंबांनी जाहिरातीवर बोट ठेवले आणि गैरमार्गाने केलेल्या जाहिरातीचा दावा चालू शकतो, असे २०१९ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. कंपनीने या रायफली कोणाला, कशा विकायच्या ठरवले होते, त्याचे अंतर्गत कागद जाहीर करण्याची मोकळीक कुटुंबांनी त्या तडजोडीत आग्रहाने मिळवली. हजारो पाने आहेत. जुना कागद जमवणाऱ्यांपैकी कोणी ती पाने मागवली आहेत का, हे मला त्यांना विचारायचे आहे.