अपरिचितांचे सख्य : महानगराची ओढ आणि मराठी समीक्षा

१

मराठी साहित्यातील महानगर हा विषय आता नवा राहिलेला नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले; मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि त्यानंतरच्या काळात मुंबई हे मराठी कवितेचे, कथेचे व कादंबरीचे एक प्रमुख अनुभवक्षेत्र बनले. या साहित्याची समीक्षाही विपुल झाली. मात्र ती ज्या परिभाषेत झाली, तिच्यात एक ठळक उणीव आहे. परात्मता, तुटलेपण, यांत्रिकता, गर्दीतले एकाकीपण, मूल्यांचा ऱ्हास या संज्ञांभोवती ती फिरत राहिली. महानगर माणसाकडून काय हिरावून घेते, हे या संज्ञा नेमकेपणाने सांगतात. माणसे या शहराला इतकी चिकटून का राहतात, त्यांना त्यात काय प्रिय असते, हे सांगण्याची सोय मात्र या परिभाषेत नाही.

माणसे पोटासाठी शहरात राहतात, हे यावर नेहमी दिले जाणारे उत्तर आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. पोट हे शहरात येण्याचे कारण असते. शहराविषयी निर्माण होणाऱ्या ओढीचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. शिवाय येथे प्रश्न समाजशास्त्राचा तेवढाच वाङ्मयाचाही आहे. जे लेखक महानगराच्या दाहकतेसाठी वाचले जातात, त्यांच्याच संहितांमध्ये ही ओढ स्पष्टपणे उपस्थित आहे आणि समीक्षेने ती बहुतेक वेळा अंतर्विरोध म्हणून बाजूला ठेवली आहे. प्रस्तुत लेखात या ओढीचे स्वरूप काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे.

२

महानगराविषयीच्या आधुनिक चिंतनात गेओर्ग झिमेल यांच्या १९०३ सालच्या निबंधाला आरंभस्थानी मानण्याची प्रथा आहे. संवेदनांच्या अतिरेकी माऱ्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी शहरवासी माणूस एक प्रकारचा अलिप्तपणा धारण करतो आणि सर्व गोष्टींचे मूल्य पैशात मोजू लागतो, हा त्या निबंधाचा एक भाग. पण झिमेल तेथे थांबत नाहीत. लहान गावात प्रत्येकाची प्रत्येकावर नजर असते. महानगरातील हाच अलिप्तपणा व्यक्तीला त्या नजरेतून सोडवतो आणि गावात अशक्य असलेले स्वातंत्र्य तिला मिळवून देतो, हा त्यांच्या विवेचनाचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे. आपल्याकडे पहिला भाग रुजला, दुसऱ्याची दखल फारशी घेतली गेली नाही.

असे का झाले असावे? एक कारण असे संभवते, की गावाच्या नजरेचा जाच ज्यांना सर्वाधिक झाला, ते दीर्घकाळ समीक्षेच्या व्यवहाराबाहेर होते. घटनासमितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि संकुचितपणा व अज्ञान यांचे ते आगर असल्याचे सांगितले. परळच्या चाळीत राहिलेल्या आणि शहरात शिकलेल्या विचारवंताचे हे मत एका राजकीय वादापुरते मर्यादित नव्हते. त्यात महानगराविषयीचा एक संपूर्ण दृष्टिकोन गर्भित होता. मराठी समीक्षेने त्याचा वाङ्मयीन विस्तार करावयास हवा होता. प्रत्यक्षात ग्रामजीवनाला मुळे आणि शहराला मूळहीनता बहाल करणारी विभागणीच प्रभावी ठरली. देशीवादाच्या मांडणीने या विभागणीला सैद्धांतिक बळ दिले. नेमाड्यांच्या मुंबईतील कादंबरीचे ‘बिढार’ (१९७५) हे शीर्षकच शहराला तात्पुरत्या मुक्कामाचा दर्जा देणारे आहे.

३

शहरप्रेमाचे साहित्य आपल्याकडे नाही काय, असा आक्षेप येथे घेता येईल. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हे त्याचे सर्वात लोकप्रिय उदाहरण ठरावे. परंतु पु. ल. देशपांडे यांच्या या पुस्तकातील जिव्हाळा कशाविषयी आहे, ते नीट पाहावयास हवे. चाळीत सर्वजण एकमेकांना ओळखतात, एकमेकांची दुखणी आणि भांडणे जाणतात, सणवार एकत्र करतात. म्हणजे तेथे जे प्रिय आहे, ते शहरात टिकून राहिलेले गाव आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ सालच्या आपल्या ग्रंथात इंग्रजी साहित्यासंबंधी दाखवून दिले आहे, की प्रत्येक पिढीला सुखी खेडे आपल्या नुकतेच मागे हरवलेले दिसते. आपल्या मध्यमवर्गीय साहित्यात त्या खेड्याची जागा चाळीने घेतली. चाळीवरील प्रेम आणि महानगरावरील प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे कौतुक करताना दुसरे नजरेआड होते.

म्हणून आपल्या परिभाषेत दोनच खाने उरतात. एकात परात्म व्यक्ती, दुसऱ्यात आप्तांचा जिव्हाळा. या दोहोंत न बसणारा एक तिसरा संबंध महानगर निर्माण करते. नाव, जात, गाव न विचारता शेजारी बसता येणे. एकाच फलाटावर रोज भेटणाऱ्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलणे आणि त्याचे घर कधीही न पाहणे. परक्याच्या हातचा चहा निःशंकपणे पिणे. या संबंधाला ‘अपरिचितांचे सख्य’ असे म्हणता येईल. महानगरात माणसांना जे प्रिय असते, त्याच्या केंद्रस्थानी हे सख्य आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

४

या संज्ञेच्या प्रकाशात काही परिचित संहिता वेगळ्या दिसू लागतात. नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, तेव्हा रस्त्याला ज्ञानसंस्थेचा दर्जा मिळाला. त्या शीर्षककवितेतील याकूब नालबंदवाला हा कवीचा ना नातलग, ना जातिबांधव, ना धर्मबांधव. तरीही त्याचा मृत्यू कवितेत ज्या निकटतेने येतो, ती निकटता रक्ताच्या नात्याहून कमी नाही. सुर्वे यांच्या कवितेला कामगारजाणिवेची कविता म्हणून आपण गौरवले. पण ही जाणीव ज्या रस्त्यावर घडली, त्या रस्त्याचे काव्यशास्त्र आपण मांडले नाही. अनाथ मुलाला कूळ विचारल्याशिवाय सामावून घेणारी व्यवस्था ही केवळ पार्श्वभूमी नव्हे. ती या कवितेची पूर्वअट आहे.

अरुण कोलटकर यांची काळा घोडा परिसरावरील इंग्रजी कविता (२००४) येथे आठवणे अपरिहार्य आहे. दोन भाषांत लिहिणाऱ्या या कवीच्या या संग्रहातील न्याहारीविषयीच्या दीर्घ कवितेत एक इडलीवाली येते. तिच्याभोवती पदपथावरची, कुठे घर नसलेली माणसे जमतात, खातात आणि पांगतात. काही वेळापूर्वी जी खानावळ होती, ती नाहीशी होते. येथे समूह आहे, पण समाज नाही. आपुलकी आहे, पण तिला सातत्याची हमी नाही. समूहाविषयीच्या आपल्या सर्व कल्पना टिकाऊपणावर आधारलेल्या असतात. कोलटकरांची कविता तासाभराच्या समूहाला पूर्ण गांभीर्य देते. शहराचा अनुभव घेण्याची ही एक स्वतंत्र ज्ञानपद्धती आहे.

लोककलेच्या परंपरेतही हा प्रश्न उपस्थित झालेला दिसतो. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी रचली. अण्णाभाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’ रचून त्या वैभवाची दुसरी बाजू दाखवली. या दोन रचनांकडे स्तुती आणि टीका अशा जोडीने पाहिले जाते. पण वाटेगावातून आलेले अण्णाभाऊ लावणीचाच घाट स्वीकारतात, ही बाब अर्थपूर्ण आहे. शृंगाराचा वारसा सांगणाऱ्या रचनाप्रकारात शहरावर आरोपपत्र ठेवणे म्हणजे संबंध तोडणे नव्हे. हक्क सांगणाऱ्या माणसाचा तो राग आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मधील शिव्यांनाही हेच लागू पडते. मध्यमवर्गीय वाचकाला त्या कवितेत नरकाचे दर्शन घडले; कवी मात्र त्या वस्तीचे नागरिकत्व मागत होता. ज्या शहराशी आपले काही देणेघेणे नाही, त्याला कोणी इतक्या आवेगाने शिव्या देत नाही.

५

हे सख्य सर्वांना सारखे उपलब्ध असते, असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. त्याच्या मर्यादा दाखविणारे साहित्यही मराठीत आहे आणि तेच या संकल्पनेची खरी कसोटी आहे.

पहिली मर्यादा जातीची. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परक्या शहरात येतो. तेथे त्याला कोणी ओळखत नाही, म्हणजे अनामिकतेचे वरदान त्याला लाभावयास हवे. पण निवाऱ्याचा प्रश्न येताच जात विचारली जाते आणि अनामिकतेचे रूपांतर चोरीत होते. रस्त्यावर मिळणारे स्वातंत्र्य खोलीच्या उंबरठ्याशी संपते, हे बागुलांनी जितक्या तीव्रतेने दाखवले तितके फार थोड्यांनी दाखवले असेल. शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद सूचक आहे. शहराने जे सहज द्यावयास हवे होते, ते या माणसाला चोरावे लागते.

दुसरी मर्यादा लिंगभावाची. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) नाक्याला साहित्यात आणले. त्यावरील वाद अश्लीलतेच्या प्रश्नाभोवती झाला. अत्रे यांच्यासारख्यांनी कादंबरीवर कडाडून टीका केली. या वादात मूळ मुद्दा झाकला गेला. नाका हा घर आणि काम या दोहोंच्या मधला, निरुद्देश उभे राहण्याचा अवकाश आहे. पोक्या आणि त्याच्या सोबत्यांना तो प्रिय आहे, कारण तेथे त्यांना कोणी काही विचारत नाही. परंतु तेथून जाणाऱ्या स्त्रीसाठी तोच नाका नजरेचे गाव बनतो. मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक अवकाश यांवरील ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या ग्रंथात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी हाच पेच मांडला आहे. स्त्रीला रस्त्यावर असण्यासाठी सदैव काही काम असल्याचे दाखवावे लागते. तेव्हा निरुद्देश रेंगाळता येणे हाच नागरिकत्वाचा हक्क मानला पाहिजे, असे त्या म्हणतात. पाध्ये यांची कादंबरी या ग्रंथाच्या बरोबरीने वाचली, तर एकाच्या शहरप्रेमाची किंमत दुसरीने कशी मोजली, ते उलगडते.

या मर्यादांमुळे आपली संकल्पना बाद होत नाही. उलट अधिक काटेकोर होते. बागुलांच्या नायकाला आणि नाक्यावरून घाईने जाणाऱ्या स्त्रीला शहर नको आहे, असे त्या संहिता सांगत नाहीत. शहराने दिलेले वचन त्यांच्या बाबतीत पाळले गेले नाही, एवढेच त्या सांगतात.

६

या चर्चेला केवळ परिभाषेपुरते महत्त्व नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक या मोडतोडीतून आले. त्यातील धुरी कुटुंबाची खोली अजून जागेवर आहे. चाळ आहे, शेजारी आहेत, आई आहे, भावंडे आहेत. शहरप्रेमाचा उगम चाळीच्या जिव्हाळ्यात असता, तर हे कुटुंब सावरावयास हवे होते. ते सावरत नाही, कारण खोलीबाहेरचे शहर नाहीसे झाले आहे. पाळीचा भोंगा, गिरणीच्या फाटकासमोरचा घोळका, परगावच्या माणसांना एका पंगतीत बसवणारी खानावळ, युनियनची सभा, ही सगळी अपरिचितांच्या सख्याची ठिकाणे होती. ती गेल्यावर उरलेले आप्त एका खोलीत एकमेकांना जाचू लागतात. पवार यांच्या नाटकाची शोकात्मता मला येथे जाणवते.

या हानीचा हिशेब मांडताना आपल्याजवळ दोनच भाषा होत्या. एक जमिनीच्या भावाची, दुसरी गेलेल्या चाळीच्या हळहळीची. परात्मतेच्या परिभाषेत वाढलेल्या समीक्षेला तिसरी भाषा देता आली नाही. जे शहर तिने मुळात माणूसपण हिरावणारे ठरवले होते, त्याच्या जाण्याचा शोक ती कशी करणार? कुंपणे, पहारे आणि निवडक प्रवेश यांवर उभ्या राहणाऱ्या आजच्या गृहसंकुलांत अपरिचित माणूस हा प्रथम संशयित ठरतो. अशा वेळी त्याच्याशी सख्य शक्य होते, याची साक्ष सुर्वे, कोलटकर आणि अण्णाभाऊ यांच्या संहितांत आहे. आणि ते सर्वांपर्यंत पोचले नाही, याची साक्ष बागूल व पाध्ये यांच्या संहितांत. या दोन्ही साक्षी एकत्र वाचणे हे महानगरीय साहित्याच्या समीक्षेचे यापुढचे काम आहे.