संदर्भ-उल्लेखांच्या पलीकडे : डॉ. सुभाष पाध्ये यांच्या असेंद्रिय रसायनशास्त्रातील संशोधनाचे मूल्यमापन

प्रस्तावना
पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून संशोधन केलेले डॉ. सुभाष पाध्ये यांचे नाव धातूंच्या जटिल संयुगांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यांच्या नावाशी सर्वाधिक जोडला गेलेला लेख मात्र प्रयोगाचा नसून आढाव्याचा आहे. संदर्भ-उल्लेखांची संख्या एखाद्या संशोधकाविषयी नेमके काय सांगते, याचा विचार या उदाहरणाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

1985 चा आढावा
सेमिकार्बाझोन व थायोसेमिकार्बाझोन यांच्या संक्रमणी धातूंबरोबरच्या संयुगांवरील हा लेख पाध्ये यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथील जॉर्ज कॉफमन यांच्यासह 1985 साली ‘कोऑर्डिनेशन केमिस्ट्री रिव्ह्यूज’च्या 63 व्या खंडात प्रसिद्ध केला. थायोसेमिकार्बाझोनमधील गंधक व नायट्रोजन हे दोन्ही अणू एकाच धातूला धरू शकतात. त्यामुळे तांबे, लोह, निकेल यांसारख्या धातूंशी त्याची स्थिर संयुगे बनतात. या रेणूंचे औषधी महत्त्वही जुने आहे. क्षयरोगाच्या जंतूंवरील त्यांचा परिणाम डोमाक यांनी 1946 मध्ये दाखविला, तर 1963 साली मद्रास येथे याच वर्गातील एक औषध देवीच्या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींना देऊन पाहण्यात आले. रसायनशास्त्र, वैद्यक व जीवशास्त्र यांच्या नियतकालिकांत विखुरलेली अशी माहिती रचना आणि गुणधर्म यांच्या सूत्रात गुंफणे, हे या आढाव्याचे कार्य होय. त्यात नवे संयुग नाही. परंतु नवे संयुग कोठे शोधावे, याचा नकाशा आहे. डग्लस वेस्ट यांच्याबरोबरच्या 1991 व 1993 च्या आढाव्यांनी तो पुढे विस्तारला.

प्रयोगशाळेतील कार्य
केवळ आढाव्यांवरून पाध्ये यांचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल. हळदीतील कर्क्युमिन शरीरात लवकर विघटित होते व त्याचा प्रभाव टिकत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून फ्लोरिनयुक्त कर्क्युमिन, त्यापासूनचे शिफ क्षारक व त्यांची तांब्याची संयुगे तयार करून कर्करोगाच्या पेशींवर तपासण्यात आली. डेट्रॉइट येथील फजलुल सरकार यांच्या गटाबरोबरचे हे काम 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणातही आढळणाऱ्या चित्रकाच्या मुळांतील प्लम्बाजिन हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. परिचित वनस्पतिद्रव्याला धातूची जोड देण्याची ही दृष्टी त्यांच्या संशोधनाचे खरे वैशिष्ट्य मानावी लागेल.

मर्यादा
तथापि, पेशींवरील परिणाम म्हणजे औषध नव्हे. थायोसेमिकार्बाझोन वर्गातील ट्रायापिन मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले, ते येल विद्यापीठातील संशोधनातून. पाध्ये यांच्या फ्लोरिनयुक्त कर्क्युमिनला औषध म्हणून मान्यतेपर्यंतचा पल्ला गाठता आलेला नाही. उल्लेखांच्या संख्येत हा फरक दिसत नाही. आढावा लेखाचा उल्लेख पुष्कळदा प्रस्तावनेतील पहिल्या वाक्यापुरता, औपचारिक असतो. प्रायोगिक निबंधाचा आधार घेणाऱ्यास त्याची कृती व निष्कर्ष तपासून पाहावे लागतात. गणनेत मात्र दोन्ही सारखेच. यूजीन गारफिल्ड यांनी 1964 साली सुरू केलेली उद्धरण-सूची मुळात संबंधित साहित्य शोधण्याचे साधन होती. 2005 मध्ये हर्श यांनी मांडलेल्या एच-निर्देशांकाने संशोधकाचे कार्य एका अंकात बसविण्याचा मोह अधिकच वाढविला.

निष्कर्ष
हा प्रश्न केवळ विद्यापीठीय विभागांपुरता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधनाला गुणांकांत बांधले, तेव्हापासून रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन अध्यापकांनाही तो भेडसावू लागला. मोठी उपकरणे हाताशी नसलेल्या अध्यापकाला पाध्ये यांच्या आढाव्यातून एक आश्वासन मिळते : विखुरलेले ज्ञान चिकित्सकपणे एकत्र आणणे हेही संशोधनच आहे. त्याचबरोबर एक इशाराही मिळतो. एखादा लेख किती वेळा उल्लेखिला गेला हे मोजणे सोपे आहे. तो कशासाठी उल्लेखिला गेला हे जाणण्यासाठी तो वाचावाच लागतो. मूल्यमापन करणाऱ्या समितीने हे वाचनाचे कष्ट टाळले, तर पाध्ये यांचा नकाशा आणि त्यांची प्रयोगशाळा यांतील भेद तिला कधीच कळणार नाही.