रंगमंचावरील मुसलमान व कागदांतील मुसलमान

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यांत मंडईनिमित्त झाडीपट्टीचीं नाटकें रात्रभर चालतात. आम्हीं पाहिलेल्या शिवकालीन प्रयोगांत मुसलमान पात्र म्हणजे सुरमा, गडगडाटी हास्य व कपट, एवढेंच! वस्तुतः १६५९ सालीं अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण. उलट शिवाजीमहाराजांच्या आरमाराचा अधिकारी दौलतखान, आणि काजी हैदरही महाराजांच्याच पदरीं होता.

आक्षेप टाळण्यास्तव कोणी मदारी मेहतर हें पात्र घालतात. हेतु चांगला, परंतु त्यास समकालीन कागदाचा आधार आम्हांस आढळला नाहीं. दौलतखान कागदोपत्रीं हजर असतां ही उसनवारी कशास? काजी हैदर तर पुढें औरंगजेबाकडे जाऊन काजी-उल्-कुजात झाला. एवढें आयतें नाट्य अद्यापि कोणा नाटककाराच्या दृष्टीस पडूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.