‘घरीच असते’ : जनगणनेतलं एक उत्तर

2011च्या जनगणनेत काम करणाऱ्यांचे चार वर्ग केले आहेत : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि ‘इतर’. वर्षातले निदान 183 दिवस भरले तर मुख्य कामगार, नाहीतर सीमांतिक. आता यावल-रावेरकडची एक बाई घ्या. घरच्या केळीत राबते, दुसऱ्याचा कापूस वेचते, म्हैस सांभाळते. ती कोण?

आपण म्हणाल, व्याख्याच अपुरी. तसं नाही बरं का! घरच्या शेतातलं बिनमजुरीचं काम, घरापुरतं दूध काढणंसुद्धा, व्याख्येत काम म्हणूनच धरलंय. गोची दारात होते. प्रगणक पुरुषाला विचारतो, ‘बाई काय करतात?’ उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ झालं, बिगरकामगार!

आयुष्यभर शेतात राबलेल्या बहिणाबाई चौधरींनाही (1880–1951) असं एक उत्तर पुसून टाकू शकलं असतं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

तेव्हा आमचा आक्षेप वर्गांपेक्षा प्रश्नावर आहे. ‘काय करता?’ यात माणसाची ओळख विचारली जाते, काम नव्हे. ‘वर्षभरात शेतात, गोठ्यात काय काय केलंत?’ असं विचारा, आणि तिलाच विचारा. पुढच्या गणनेला प्रगणक दारात येईल, तेव्हा आपणही जरा बाजूला सरकू या.