चाहत्याचं मत आणि खेळणाऱ्याचा हात

(पौड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. "सर, तुम्ही आणि व्हिडिओ गेम?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर वर्गात कांट आणि शंकराचार्य शिकवले. सत्तरी ओलांडल्यावर हे काय सुचलं, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर माझा नातू आहे. तो हिंजवडीला राहतो. म्हणजे आपल्याच मुळशी तालुक्यात. पण तिथल्या पोरांना हे मुद्दाम सांगावं लागतं. (हशा)

या नातवाला मतं फार. कोणता गेम भारी, कोणता टाकाऊ, कोणत्या कंट्रोलरची बटणं लवकर ढिली होतात, कोणत्या कॉमिकमधली चित्रं पहिल्या अंकानंतर उतरली, सगळ्यावर मत तयार. आणि प्रत्येक मताला आकडा. "आबा, हा 10 पैकी 7." मी विचारलं, "7 का? 6 का नाही?" तर म्हणाला, "तसं वाटतं." आता शिक्षकाची खोड जात नाही. मी म्हटलं, वाटतं इथपर्यंत ठीक आहे, पण 'वाटतं' हे मताचं कारण होत नाही.

कांटनं इथे एक उपयोगी भेद केला आहे. मला कारल्याची भाजी आवडते, ही माझी आवड. तुम्हाला नाही आवडली तर आपलं भांडण नाही. पण मी एखाद्या वस्तूला 'सुंदर' म्हणतो तेव्हा तुम्हीही ते मानावं, अशी माझी अपेक्षा त्यात दडलेली असते. चाहता नेमका या दोन्हींच्या मधे उभा असतो. बोलतो आवडीच्या भाषेत आणि अपेक्षा धरतो मान्यतेची. म्हणून तर चाहत्यांची भांडणं इतकी कडाक्याची होतात.

मी त्याला हसत नाही, कारण मीही चाहता होतो. टाइम्स समूहानं 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि पुढे आमच्या पिढीला वेताळ मिळाला. ली फॉकनं 1936 मध्ये निर्माण केलेला हा मुखवटेवाला नायक. त्याचं राज्य कुठलं, तर आपल्याकडच्या अंकांत 'डेंकाली'. मी ते अंक अक्षरशः पाठ केले होते. कवटीची अंगठी कोणत्या हातात, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या काळ्या लोकांचा रक्षणकर्ता बनून सिंहासनावर बसतो, यात काही विचारण्यासारखं आहे, हे मला नोकरीला लागेपर्यंत सुचलं नाही. देश स्वतंत्र होऊन वीसेक वर्षं झालेली, आणि मी त्या गोऱ्या राजाचा भक्त! चाहत्याचं हे असं असतं. तो बारीकसारीक सगळं पाहतो, आणि समोर उभा असलेला हत्ती तेवढा राहून जातो.

तर नातवानं सुट्टीत मला एक गेम खेळायला बसवलं. म्हणाला, "आबा, हा पुण्यात बनलाय." त्याचं नाव 'राजी'. 'नॉडिंग हेड्स' नावाच्या पुण्याच्या छोट्या स्टुडिओनं तो केला, 2020 मध्ये तो आला, आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या जागतिक पारितोषिकांत नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळालं.

आधी कंट्रोलरबद्दल बोलतो, कारण माझी सुरुवात तिथे अडली. माझे अंगठे संधिवाताचे. पहिले दोन तास मी राजीला भिंतीवर आपटत होतो. (हशा) हायडेगरचं हातोड्याचं उदाहरण मी पस्तीस वर्षं वर्गात दिलं. सुतार खिळा ठोकतो तेव्हा त्याला हातोडा जाणवत नाही, खिळा जाणवतो. दांडा निखळला की मगच हातोडा 'दिसतो'. हे मला खरं कळलं ते त्या दिवशी. तिसऱ्या तासाला कंट्रोलर हातातून नाहीसा झाला आणि उडी माझी झाली. तेव्हापासून माझं या सगळ्या सामानाबद्दल एकच मत आहे. जे साधन वापरताना विसरायला होतं ते चांगलं. नातवाच्या कीबोर्डात सात रंगांचे दिवे लागतात. तो म्हणतो भारी दिसतो. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय, दिसतो. खेळताना तू पडद्याकडे बघायचंस की त्याच्याकडे?

आता 'राजी'. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि ती महाबलासुराच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिचा प्रवास पाहतात आणि आपापसांत त्यावर बोलत राहतात. हेच गेमचे निवेदक.

चांगलं काय ते मोकळेपणानं सांगतो. राजस्थानी वळणाचे किल्ले आणि हवेल्या इतक्या मायेनं उभ्या केल्या आहेत की मी लढायचं सोडून सज्जे बघत बसलो. भिंतींवर पुराणातली चित्रं आहेत. जवळ गेलं की देव ती गोष्ट सांगतात. कथेचे काही दुवे बाहुल्यांच्या छायाखेळातून येतात. आणि तलवारी मिरवणाऱ्या पुरुषांच्या या बाजारात नायिका कोण, तर डोंबाऱ्याच्या खेळातली वाटावी अशी एक पोर. तिच्या लढण्यातही कसरतच दिसते. खांबावर चढून गिरकी घेते, भिंतीवरून उलटी झेपावते. पात्र आणि हालचाल यांचं हे जुळणं मला फार आवडलं.

पण नातू म्हणाला, "आपल्या पुण्याचा आहे ना आबा, म्हणून 10 पैकी 9." तिथे मी थांबवलं. 'आपला' म्हणून दिलेले दोन गुण हे कौतुक नव्हे, ती सवलत आहे. ज्यांनी एवढी वर्षं खपून काम केलं त्यांना सवलत देणं हा त्यांचा अपमान. त्यांचं काम जगातल्या कुठल्याही कामासारखं तपासायचं, हाच मान.

तपासलं तर काय दिसतं? राजी उडते, लढते, कोडी सोडवते. पण ठरवत काहीच नाही. भावाला शोधायचं हे ठरलेलं, असुर वाईट हे ठरलेलं, देव पाठीशी आहेत हेही ठरलेलं. आपल्या हाती निवड काय, तर शस्त्राला कोणती शक्ती जोडायची एवढी. अर्थ सगळा वरून, देवांच्या आवाजात येतो. आपण खाली राबतो. शेवटही घाईत उरकल्यासारखा वाटतो, ही तक्रार बऱ्याच खेळाडूंनी केली. पण माझी तक्रार शेवटाशी नाही. सबंध वाटेवर या मुलीला एकदाही कोड पडत नाही, ही आहे. आणि जाता जाता भाषेचंही. पुण्यातली ही पोर आधी इंग्रजीत बोलली, पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदीत. मराठीची पाळी अजून यायची आहे.

हे वळण आलं कुठून? मला वाटतं, अमर चित्र कथेतून. अनंत पैंनी 1967 मध्ये ती मालिका उभी केली, आणि तिच्यात आपल्या मराठी चित्रकारांचा मोठा वाटा आहे. राम वाईरकरांचा 'कृष्ण', पुण्याच्या प्रताप मुळीकांची कितीतरी पुस्तकं. त्या चित्रांचं ऋण मी मानतो. पण महाभारतातला पेच 32 पानांत बसवताना तो सरळ करावा लागतो, आणि सरळ केलेलं महाभारत वाचून आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. तरी चित्रकथेला एक सुटका होती. दोन चौकटींमधली कोरी पट्टी. या चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत माणूस खाली पडलेला. मधला फटका वाचकानं मनात मारायचा. एवढा भागीदार तरी ती आपल्याला करून घेते.

गेममध्ये फटका मनात मारायचा नसतो, हातानं मारायचा असतो. म्हणून गेमची जबाबदारी जास्त, आणि शक्यताही जास्त. आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानदेवांना देते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. कवड्या टाकायच्या आणि जे दान पडेल तिथे जायचं. तिथे नीती होती, पण माझ्या हाती काही नव्हतं, कवडी ठरवायची. 'राजी'त सगळं माझ्या हाती आहे, पण नीतीचा प्रश्नच पडत नाही. मला पाहिजे तो खेळ या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे.

तसा खेळ होऊ शकतो. वॉर्सातल्या एका स्टुडिओनं 2014 साली 'धिस वॉर ऑफ माईन' केला. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात तुम्ही सैनिक नसता, वेढ्यात अडकलेली साधी माणसं असता. रात्री अन्न, औषधं शोधायला निघायचं. एका घरात एक म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे औषधं आहेत. घ्यायची की नाही? पोलंडच्या सरकारनं 2020 मध्ये हा गेम शाळकरी मुलांच्या वाचनयादीत घ्यायचं जाहीर केलं. वाचनयादीत, लक्षात घ्या. मी तो खेळलो. मी औषधं घेतली. त्यानंतर माझं पात्र दिवसभर खिन्न बसून राहिलं आणि मीही चहा न घेता बसलो. नीतिशास्त्राचे एवढे तास घेतले, पण माझ्याच अंगठ्यानं मला असं कधी पकडलं नव्हतं.

आणि इथे मला आपल्या पायाखालची जमीन आठवली. पायाखालची म्हणजे पाण्याखालची. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी इथे सत्याग्रह सुरू केला. सुमारे 50 गावांचा प्रश्न होता. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. 1924 पर्यंत लढा चालला आणि हरला. धरण झालं, पाणी घाटाखाली भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला गेली. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे, तो जरूर वाचा. तेव्हा त्यात दोनच बाजू नव्हत्या, हे समजेल. जमीन कसणारी कुळं एकीकडे, कंपनी दुसरीकडे, आणि मधे पुण्यातले सावकार-जमीनदार. यांच्यातल्या अनेकांना भरपाई पुरेशी वाटत होती. जमीन त्यांच्या नावावर होती, पण त्यांची चूल तिथे नव्हती.

मी नातवाला म्हटलं, "पुण्याच्या मुलांनी हा गेम करावा. मुळशीचा." त्यानं विचारलं, "पण आबा, हे लोक हरले ना? जिंकताच येत नसेल तर खेळायचं कशाला? आणि विकत कोण घेईल?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. स्टुडिओ चालवणाऱ्यांचे पगार मला द्यायचे नाहीत, त्यामुळे सल्ला देणं सोपं आहे, हे मी जाणतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न केला. बर्नार्ड सूट्स नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खेळणं म्हणजे नसते अडथळे आपणहून स्वीकारून ते ओलांडायचा प्रयत्न करणं. यात भर प्रयत्नावर आहे. ओलांडले गेलेच पाहिजेत, असं तो म्हणत नाही. शोकांतिका बघायला आपण तिकीट काढतोच की. खेळात तर तीन वर्षं आपण त्या गावात राहू. शेतात बसून काम अडवायचं की नाही, तुरुंगात जायचं की नाही, शेजाऱ्यानं भरपाई घेतली तर त्याच्याशी बोलायचं की नाही. पाणी शेवटी चढणारच. पण ते चढेपर्यंत तुम्ही कोण होतात, हे तुमचं तुम्ही ठरवलेलं असेल.

पोरगं जरा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "त्यात तुम्ही कोण झाला असता आबा? कूळ की सावकार?"

त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं सहज विचारलं. माझे आजोबा पुण्यात सावकारी करत. इथल्या काही जमिनी त्यांच्याकडे गहाण पडलेल्या होत्या. त्यांनी भरपाई घेतली. घरात हे कधी लपवलं नाही, आणि कधी त्यावर बोलणंही झालं नाही. एक व्यवहार, वहीतली एक ओळ. त्या पैशातून काय काय झालं याचा हिशोब आता लावता येणार नाही. माझ्या वडिलांचं शिक्षण त्यात असेल, आणि त्यामुळे माझंही. आजवर मी आजोबांकडे चित्रकथेतल्या माणसासारखं पाहत आलो. या चौकटीत जमीन, पुढच्या चौकटीत पैसे. मधली पट्टी कोरी. नातवानं मला त्या पट्टीत नेऊन उभं केलं आणि हातात कंट्रोलर दिला.

मी त्याला सांगितलं, "ठाऊक नाही रे." तो म्हणाला, "मग गेम झाला पाहिजे." त्यानं या वेळी आकडा सांगितला नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची जुनी गावं त्या पाण्याखाली आहेत. म्हणून हे इथे, तुमच्यासमोर बोलावंसं वाटलं. प्रश्न असतील तर विचारा. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय, तो सोडून.