६१७४ : वजाबाकीतलं यमक

पाम बीच रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की माझी नजर पुढच्या नंबर प्लेटवर जाते. 'एमएच ४३' म्हणजे वाशी आरटीओ; ते सोडून द्यायचं. शेवटचे चार आकडे आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा. उत्तरावर पुन्हा तेच. शून्य आलं तरी त्याची जागा राखायची. चारही आकडे सारखे नसतील, तर फार फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथेच बसतं: ७६४१ − १४६७ = ६१७४.

हा स्थिरांक द. रा. कापरेकरांचा. जन्म १९०५चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज फर्ग्युसन, आणि उभी नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. ६१७४ त्यांनी १९४९ साली मांडली. तेच साल चालवून पाहा. ९९४१ − १४९९ = ८४४२. मग ५९९४, मग ५३५५. इथे तीन आकडे सारखे झाले, आता डाव कोसळणार असं वाटतं. तोच १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. मोजा, सात. जन्मसाल १९०५ घेतलं तरी सातच! योगायोग आहे, पण दाद द्यायला कोणाची ना आहे?

चमत्काराच्या मागचं कारण कळलं तरी गोडी कमी होत नाही. वजाबाकीचं उत्तर दोनच फरकांवर ठरतं: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०. त्यामुळे ९,९९० मांडण्या पहिल्याच फटक्यात अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. ६१७४ मध्ये हे फरक ६ आणि २. ५९९४ अधिक १८०, झालं. आणि ७७७७ सारखे, लोक आरटीओत जादा पैसे भरून घेतात ते नंबर? दोन्ही फरक शून्य, उत्तर शून्य.

जाणकार नाक मुरडतात: हा गुण संख्येचा नव्हे, दशमान लेखनाचा; दहाऐवजी दुसऱ्या पायावर लिहा, खेळ बदलतो. खरं आहे. पण यमकही एका भाषेतून दुसरीत जात नाही, म्हणून आपण त्याला कमअस्सल म्हणत नाही. ही वजाबाकी म्हणजे ६१७४ चा शब्दालंकार.

अर्थालंकार वेगळाच आहे. १८, १८ चा वर्ग ३२४, घन ५८३२. तिघांची बेरीज ६१७४. अवयव पाडले तर एक २, दोन ३ आणि तीन ७. हे कुठल्याही लिपीत, कुठल्याही पायावर खरंच राहणार.

आता श्लेष. ६, १, ७, ४ यांची बेरीज करा: १८. लेखनातून निघालेला १८ आणि अर्थातून निघालेला १८ इथे एकमेकांना भेटतात. ६१७४ ला १८ ने भागलं तर बाकी उरत नाही. येतात ३४३, म्हणजे ७ चा घन. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी एक नाव दिलं होतं: हर्षद.